रिकामी करडगी

मुरुडच्या पेठेत सिद्धरामअप्पांचं भांड्यांचं दुकान आणि माझं शिलाईचं दुकान समोरासमोर आहे. मधला रस्ता इतका अरुंद की अप्पांनी तिकडे घागर आपटली की इकडे माझ्या मशीनवरची कात्री थरथरते. माझी सगळी उमर त्या माणसाला बघण्यात गेली म्हटलं तरी चालेल. म्हणूनच त्या दिवशी मंडपात जे झालं ते डोळ्यांदेखत होऊनही मला खरं वाटेना. मला काय, गावातल्या कुणालाच वाटेना.

अप्पा लिंगायत समाजातले. आम्ही मराठे, पण शेजार इतका जुना की त्यांच्या घरातले सगळे रीतिरिवाज मला पाठ. त्यांच्यात मूल जरा जाणतं झालं की गुरू त्याला दीक्षा देतात आणि त्याच्या हातावर इष्टलिंग ठेवतात. काळं, गुळगुळीत, आवळ्याएवढं. ते मरेपर्यंत अंगावर बाळगायचं. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. ज्याचं त्याचं लिंग वेगळं. नवऱ्याचं नवऱ्याला, बायकोचं बायकोला. एरवी ते चांदीच्या ज्या डबीत गळ्यात असतं, तिला करडगी म्हणतात.

अप्पांची करडगी वडिलांच्या वेळची, चांगली वजनदार. पातळ पांढऱ्या शर्टाआडून ती दिसायची. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ठळक. मठाच्या कमिटीत अप्पांचा शब्द शेवटचा. लग्नाकार्यात एखादा जवान पोरगा पाया पडायला वाकला की अप्पा आशीर्वाद द्यायच्या आधी त्याच्या छातीवर हात ठेवायचे. बोटांना करडगी लागली तर ‘शाबास’. नाही लागली तर चारचौघांत विचारायचे, "का रं, लिंग कुठं ठिवलास? मोबाईल बरा खिशात हाय, लिंग तेवढं जड झालं व्हय?" पोरं त्यांना टाळायची. उदगीरचा त्यांचा एक भाचा तर अप्पा येणार म्हटलं की आधी घरी जाऊन करडगी घालून यायचा.

त्यांच्या बायकोचं नाव उमाबाई. मी त्यांना काकू म्हणतो. बोलणं कमी, काम फार. अप्पांना एकच मुलगा, अमरेश. तो नांदेडला औषधांच्या एजन्सीत नोकरीला. त्याची मुलगी अंबिका, चौथीतली. तिच्या दीक्षेचं ठरलं ते अप्पांच्याच हट्टानं. अमरेश म्हणत होता, नांदेडला घरातल्या घरात करू. अप्पा म्हणाले, "माझ्या नातीची दीक्षा मुरुडात व्हईल. सगळ्यांदेखत व्हईल."

सगळ्यांदेखतच झालं.

वैशाख होता. घरापुढे मंडप. उदगीरचे, निलंग्याचे, अहमदपूरचे पाहुणे आलेले. मागच्या अंगणात गव्हाची हुग्गी शिजत होती आणि तिचा गोड वास मंडपभर पसरला होता. मी पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मठाचे स्वामी चौरंगावर. समोर अंबिका, नवं पांढरं परकर-पोलकं घालून. ते मीच शिवलं होतं.

स्वामींनी पोरीला सगळं समजावून सांगितलं. लिंग हातावर कसं धरायचं, नजर कुठं ठेवायची. मग त्यांचं लक्ष अप्पांकडे गेलं. म्हणाले, "अंबिका, मी सांगून काय कळणार तुला? तुझे आजोबा बघ. सिद्धरामअप्पा, तुम्ही पूजा करून दाखवा. पोरीला बघू द्या, मग तिची दीक्षा करू."

अप्पा खुलले. हे त्यांच्या मनासारखं झालं. पुढे येऊन मांडी घालून बसले, शर्टाची वरची बटणं काढली, करडगी बाहेर घेतली. दोन्ही डोळ्यांना लावली. ते त्यांनी इतकं सफाईनं केलं की बघत राहावं. मग झाकण फिरवायला गेले, तर फिरेना.

"घाम आलाय हाताला," अप्पा म्हणाले आणि धोतराला हात पुसला. पुन्हा फिरवलं. झाकण गच्च बसलेलं. आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, आम्हाला तिथंच कळायला पाहिजे होतं. रोज उघडणाऱ्या डबीचं झाकण असं बसत नाही. पण त्या वेळी कुणाच्या मनात काही आलं नाही. अप्पांनी नखानं जोर लावला, झाकण खट्‌कन निघालं, आणि त्यांनी करडगी डाव्या तळहातावर उपडी केली.

हातावर काही पडलं नाही.

अप्पांनी करडगी हलवली. पुन्हा उपडी केली. मग उजेडाकडे धरून आत बघितलं. आत बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं आणि त्या बोटाकडे बघत राहिले. बोटाला थोडी काळी भुकटी लागली होती, बाकी काही नाही.

अंबिकानं पुढे वाकून त्यांच्या तळहाताकडे बघितलं.

"आबा," अंबिका म्हणाली, "कुठंय?"

पोरीनं साधं विचारलं. पण तो प्रश्न ऐकून बायकांच्या बाजूनं एक हुंकार उठला, कुणीतरी मेलं असं कळल्यावर उठतो तसा. त्यांच्यात लिंग हरवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. जुनी माणसं म्हणायची, लिंग गेलं की प्राण ठेवू नये. निलंग्याचे एक म्हातारे पाहुणे उठून उभे राहिले. कुणी म्हणालं पडलं असेल, जाजम झटका. दोघं-तिघं लगेच ओणवे होऊन जाजम चाचपू लागले. अप्पा हलले नाहीत. तळहात तसाच पुढे धरलेला, रिकामा. चेहरा पांढरा फटक. मला वाटलं, ह्यांचं हृदय आता बंद पडतंय. दोन उन्हाळ्यांमागेच लातूरला त्यांची बायपास झाली होती.

तेवढ्यात बायकांतून उमाकाकू उभ्या राहिल्या.

"शोधू नका," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी हाय."

त्या पुढे आल्या. पदराआडून गळ्यातली एक दोरी ओढून बाहेर काढली. त्यांची स्वतःची करडगी होतीच, तिच्या शेजारी पांढऱ्या कापडाची एक लहान पुरचुंडी लोंबत होती. ती त्यांनी सोडली. आत इष्टलिंग. काळं, चकचकीत, ताज्या भस्माचं. त्या दिवशी सकाळीच पूजा झालेलं.

स्वामींनी हळूच विचारलं, "बाई, किती दिवस झाले?"

"दवाखान्यातून आल्यापासून."

दवाखान्यातून आल्यापासून म्हणजे दोन वर्षं. मंडपात प्रत्येकजण मनात तेच मोजत असणार. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी रिकामी डबी डोळ्यांना लावून दुकानात येत होता. दोन वर्षं पोरांच्या छात्या चाचपत होता. मी उदगीरच्या भाच्याकडे बघितलं. वाटलं होतं तो हसत असेल. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

काकूंनी लिंग पुढे केलं. अप्पांनी ते घेतलं नाही. हात मागे ओढला, चटका बसल्यासारखा. उठले, आणि उघड्या छातीनं, अनवाणी मंडपाबाहेर चालू लागले. अमरेश मागे धावला तर त्याला हातानंच थांबवलं. शेवटी मी गेलो. मी बाहेरचा, मला त्यांनी अडवलं नाही.

अप्पा दुकानात आले. शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेले आणि एका उलट्या पातेल्यावर बसले. भर दुपारची वेळ, पत्रा तापलेला. मग म्हणाले, "लिंबाजी, काल सकाळी मी पूजा केली का रं?"

"केली असंल की अप्पा. कपाळाला भस्म होतं तुमच्या."

"भस्म होतं. मला आठवंना." ते थांबले. "काल सकाळी चहात साखर जास्त झाल्ती, ते आठवतंय. अमरेशचा फोन आला, ते आठवतंय. त्या कासारखेड्याच्या बाईनं घागर बघितली, पोचा हाय म्हणून ठिवून दिली, तिचं तोंड आठवतंय. पूजेचं कायच आठवंना. परवाचं बी न्हाई. मागल्या सोमवारचं न्हाई. म्या बसलो असन, उठलो असन. मधी काय झालं?"

त्यांच्या हातात अजून ती करडगी होती. हा माणूस हंडा नुसता उचलून किती जाड पत्र्याचा आहे ते सांगायचा. पण खरं सांगायचं तर त्यात नवल नव्हतं. चांदी जड, आतलं लिंग हलकं, आणि कापडात गुंडाळलेलं असल्यामुळे ते आधीही कधी वाजत नसे. वजनावरून कळायचं नाहीच. कळायचं ते उघडल्यावर.

"म्हंजे दवाखान्याच्या आधी तरी उघडत हुतो का मी?" अप्पांनी विचारलं. मला नाही, स्वतःलाच. "लिंबाजी, मला ते बी आठवंना. बाप मेला तवा उघडत हुतो. अमरेश झाला तवा उघडत हुतो. त्याच्यानंतर?"

शटरखालून काकू आत आल्या. मी उठलो, तर म्हणाल्या, "बसा भाऊजी. आता झाकायचं काय ऱ्हायलंय?"

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं रागावतील. पण आवाज फुटला तो लहान पोरासारखा. "मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं हुतं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी नर्सनं अंगावरचं सगळं काढून त्यांच्या हातात दिलं होतं. अप्पा आत बेशुद्ध, लिंगाची पूजा कोण करणार? काकूंना काही सुचेना. विचारायला जवळ कुणी जाणतं नव्हतं. त्यांनी दवाखान्याच्या जिन्याखाली नळावर हात-पाय धुतले, स्वतःचं लिंग पूजलं आणि मग भीत भीत अप्पांचं लिंग डाव्या हातावर घेतलं. दुसऱ्याचं लिंग आपण पूजावं की नाही, त्यांना माहीत नव्हतं. पण ते नुसतं पर्समध्ये ठेवणं त्यांच्यानं झालं नाही. घरी आल्यावर, गळा मोकळा दिसू नये म्हणून, रिकामी करडगी अप्पांच्या गळ्यात घातली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "लिंग माझ्यापाशी हाय. जखम वली हाय तुमची. अंघोळ करायला लागलात की मागून घ्या."

"तुमी हं म्हणलात," काकू म्हणाल्या. "फोनवर बघत हुतात. लोकं तब्येत विचारत हुती, त्यांना हात जोडल्याली चित्रं धाडत हुतात. हं म्हणलात. मला वाटलं ऐकलं."

"मग?"

"मग अंघोळ सुरू झाली तुमची. पहिल्या दिवशी मी लिंग पदरात घिऊन स्वयंपाकघराच्या दारात हुबी ऱ्हायले. म्हणलं आता मागतील. तुमी करडगी डोळ्याला लावली आन् उठलात. म्हणलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशी हुबी ऱ्हायले. तिसऱ्या दिवशी..." काकू थांबल्या. "मग मला भ्या वाटाया लागलं."

"माझं भ्या?"

"तुमचं न्हाई. तुमी लिंगाला बघत न्हाईत, त्याचं बी न्हाई. मला वाटलं, एवढी वर्सं हा माणूस मला बी असंच बघतोय का काय. करडगी बघितल्यावानी. उचललं, डोळ्याला लावलं, ठिवलं."

रस्त्यावरून एक टमटम गेली आणि टांगलेली भांडी हलकीशी वाजली. अप्पांनी मान खाली घातली. मी तिथं नसतो तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.

"पोरीची दीक्षा?" अप्पांनी विचारलं.

"झाली. स्वामी म्हणले, पोरीचं पोरीला. त्यांनी मला करून दाखवायला लावलं."

गाव चार दिवस दुसरं काही बोललं नाही. कुणी हळहळलं, कुणी टाळ्या देऊन हसलं. अप्पा कमिटीतून स्वतःच बाहेर पडले. मठात जाऊन स्वामींना म्हणाले, "महाराज, मला परत दीक्षा घ्यावी लागंल का? का प्रायश्चित्त सांगता?" स्वामी म्हणाले, "लिंग हरवलं असतं तर सांगितलं असतं. ते तर तुमच्या घरातच हाय, पूजेत हाय. मला काय विचारता? ज्यांनी सांभाळलं त्यांच्याकडं जाऊन मागा."

अप्पांनी घरी येऊन मागितलं. आणि काकू म्हणाल्या, "देते. पण आज न्हाई."

हे अप्पा मला सांगत होते तेव्हा त्यांच्या तोंडावर अजून मंडपातलेच भाव होते. "लिंबाजी, ती न्हाई म्हणली. माझं लिंग, आन् ती न्हाई म्हणली. म्हणलं, का गं? तर म्हणली, मी रोज हे हातावर घिऊन तुमच्याशी बोलते. सकाळी तुमी दुकानाला गेलात की. सगळं बोलते. एकदम दिलं तर मी बोलू कुणाशी?"

"काय बोलत होत्या?"

"मी बी तेच विचारलं. सांगंना."

चार-पाच दिवस अप्पा रोज विचारत राहिले. दुकान उशिरा उघडायला लागले. गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं. मग एका सकाळी ते रस्ता ओलांडून थेट माझ्या दुकानात आले आणि माझ्या मशीनला धरून उभे राहिले. मी उठून त्यांना स्टूल दिलं.

"लिंबाजी," अप्पा म्हणाले, "तिला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

"कुणाला?"

"उमाला. आज सांगितलं तिनं. कायबी दिसत न्हाई. वर्ष झालं. उजव्याचं बी कमी व्हायलंय."

आणि मग आम्हा दोघांनाही एकेक आठवायला लागलं, जणू कुणी भिंतीवरचा चुना खरवडत होतं. काकूंच्या हातून चहा बशीत सांडायचा, अप्पा ओरडायचे. काकू कुणाशी बोलताना सगळं तोंड वळवून बघायच्या, आम्हाला वाटायचं मान आखडलीय. मागच्या पोळ्याला त्या रस्ता ओलांडताना डावीकडून मोटरसायकल आली तेव्हा मीच ओरडलो होतो, "काकू, बघून चाला की!" त्या हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "ध्यानात न्हाई आलं भाऊजी."

"देवाला सांगितलं तिनं," अप्पा म्हणाले. "माझ्याच लिंगाला सांगितलं. मला न्हाई सांगितलं. आन् मी एका घरात ऱ्हातो, एका ताटाशेजारी बसतो."

दुसऱ्याच दिवशी दोघं नांदेडला गेले. लातूरला डॉक्टर नाहीत असं नाही, पण काकू म्हणाल्या अमरेशकडे जाऊ, आणि त्या म्हणतील तसं करायचं अप्पांनी ठरवलं होतं. अमरेशनं ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मशीनपुढे बसवून तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा वाचेल, पण थेंब रोज टाकावे लागतील, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

अप्पांनी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

त्या बाईंनी खोटं सांगितलं नाही. "आधी आला असतात तर डावाही वाचला असता," त्या म्हणाल्या. काकू लगेच म्हणाल्या, "मीच न्हाई आले. त्यांना काय म्हाईत?" अप्पा मला पुढे म्हणाले, की तिनं असं म्हणायला नको होतं. तिनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

निघताना डॉक्टरीणबाई अप्पांना म्हणाल्या, "थेंबांची सवय लावून घ्या आजोबा. दात घासतो तशी."

अप्पा त्या शब्दावर अडखळले. परतीच्या एसटीत लोह्याजवळ ते काकूंना म्हणाले, "मला सवयीची भीती वाटाया लागलीय गं. थेंब टाकायचे बी मी असंच टाकीन. एक दिवस बाटली मोकळी असंल आन् मी टाकतच राहीन."

काकू खिडकीकडे बसल्या होत्या, दिसणारा डोळा अप्पांच्या बाजूला. म्हणाल्या, "सवय वाईट नसती ओ. सवय हाय म्हणून तर घर चालतंय. मी काय रोज भाकरी थापताना भाकरीचा विचार करते? हात थापतेत. पण एखांद्या गोष्टीपाशी तरी माणसानं सोता हजर पाह्यजे. सगळंच हातावर सोडून चालत न्हाई."

लिंग त्यांनी नांदेडलाच परत दिलं होतं. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अमरेशच्या घरात. अंबिका तिची नवी पूजा करत बसली होती, तिच्या शेजारी अप्पांना बसवलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "घ्या," म्हणाल्या. "आता जे बोलायचं ते तुमच्याशीच बोलते." अप्पांना मंत्रापुढचं काही आठवेना. पाणी आधी की भस्म आधी, तेच कळेना. नऊ-दहा वर्षांच्या नातीकडे चोरून बघत त्यांनी ती पूजा पुरी केली.

मुरुडात आल्यावर अप्पा रात्री मोबाईल दुकानातच ठेवून घरी जाऊ लागले. पूजेला कधी अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस ते शटर उघडताना माझ्याकडे बघून मान हलवतात आणि म्हणतात, "आज झालं न्हाई लिंबाजी. हातावर घेतलं, बघितलं बी, पण मन सोलापूरच्या मालात हुतं." घरीही ते काकूंना तसंच सांगतात म्हणे. काकू म्हणतात, "उद्या बघा." एवढंच. लोकांची पोरं आता त्यांच्या पाया पडायला येतात तेव्हा अप्पा हात डोक्यावर ठेवतात, छातीवर नाही. उदगीरचा भाचा परवा आला होता. त्यानं स्वतःच शर्टाचं बटण काढायला घेतलं, तर अप्पांनी त्याचा हात धरून खाली केला. त्याला विचारलं, "आई बरी हाय का तुझी? दिसतंय का तिला नीट?" पोरगं गडबडलं. म्हणालं, "हाव, दिसतंय की." अप्पा म्हणाले, "विचारून बघ एकदा."

एकदा संध्याकाळी अप्पांचा शिवलेला पांढरा शर्ट द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. काकू ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या, मान मागे टाकून. अप्पा साबणानं हात धूत होते, बोटांच्या बेचक्यांसकट. मग थेंबांची बाटली उजेडाकडे धरून त्यांनी आत किती आहे ते बघितलं. झाकण काढलं. काकूंच्या उजव्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.

"वर बघ."

पहिला थेंब गालावर पडला. काकू हसल्या. "हलू नको," अप्पा म्हणाले. दुसरा डोळ्यात गेला. अप्पांनी बाटली बाजूला ठेवली, पण पापणी सोडली नाही. तिच्या तोंडावर वाकून ते बघत होते, इतक्या जवळून की मला परत फिरावंसं वाटलं.

"मी दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"ह्या डोळ्यानं दिसता," काकू म्हणाल्या. "आता सोडा, झोंबायलंय."